लादीच्या पोटातलं पाणी

६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पोचले. हातपाय शाबूत आहेत, नाकही जागेवर आहे. आईला आधी एवढं सांग आणि मग बाकीचं वाच, नाहीतर ती तुझ्या खांद्यावरून वाचता वाचता तुझा चष्माच ओढून घेईल.

निघताना तू म्हणाला होतास, "जन्मभर मामाच्या कारखान्यात फुकट बर्फ बघितलास, आता तोच बघायला विमानाने चाललीस." खरं सांगू? इथे ध्रुवाजवळ उतरल्यावर पहिल्यांदा तुझंच वाक्य आठवलं. जिकडे बघावं तिकडे बर्फ, आणि तोही तुझ्या लाद्यांसारखा काचेसारखा नाही, नुसता पांढराफटक. तू इथे असतास तर "कोणी केलाय हा? काढून टाका त्याला कामावरून!" म्हणून ओरडला असतास.

आम्ही अकरा जण, दोन लाकडी खोल्या, एक शेगडी. आमच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. साठीच्या आहेत, अंगाने काडी, आणि बोलणं इतकं मोजकं की 'हं' म्हणाल्या तरी आपण खूश. माझ्यासारखाच त्यांचा दुसरा मदतनीस म्हणजे लंबू. तो रोज सकाळी दाराच्या चौकटीवर डोकं आपटतो आणि रोज चौकटीवरच चिडतो.

काम असं की चारशे मीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडायचं. तळाशी पाणी आहे का बघायचं, असलं तर वर काढून त्यात मीठ किती ते मोजायचं. पुढच्या हंगामात याहून मोठं भोक पाडणार आहेत, आणि त्यासाठी बाई आमच्या दोघांतल्या एकालाच ठेवणार. मामा, मला राहायचंय. दुसरं काही नको.

इथे मिळालेला कोट गुडघ्याखाली येतो. बटणं नाहीत, साखळी आहे, आणि ती अर्ध्यात अडकते. तेव्हा तुझ्या कामाच्या कोटाची आठवण येते. चार काळी बटणं आणि दुसऱ्या नंबरला ते एक हिरवं! मामीला म्हणावं, आता तरी पाचवं काळं शोध.

नेट फक्त बाईंच्या कामापुरतं आहे. टपाल पंधरा दिवसांनी विमानाने येतं-जातं. लिहीत जा, आळस करू नकोस.

तुझी टकळी

२२ नोव्हेंबर

टकळे,

पत्र मिळालं. ताईला नाकाचं सांगितलं. ती म्हणाली, "कान?" कानाचं तू काहीच लिहिलं नाहीस, त्यामुळे गेले चार दिवस या घरात कानावरून माझं डोकं खाल्लं जातंय. पुढच्या पत्रात अवयवांची पूर्ण यादी पाठव.

आमच्याकडे सगळं चालू आहे. टाकी चालू, पंखे चालू, आणि कंप्रेसर सांभाळणाऱ्या गड्याचं तोंड तर त्या यंत्राच्या आधीच चालू होतं. बंदरावरून मासळीवाल्यांची गाडी रोज सकाळी दारात उभी असते. त्यांना मी सांगून टाकलंय, आमची भाची आता बर्फातली मोठी अधिकारी आहे. ते म्हणाले, मग लाद्या लवकर मिळतील का? तुझा उपयोग एवढाच बघ.

आता मला एक सांग. तीस वर्षं बर्फ करणारा मी अडाणी माणूस. वर चारशे मीटर बर्फ, तळाला बर्फासारखीच थंडी, आणि तुम्ही म्हणता खाली पाणी आहे. ते गोठत का नाही? कोणी त्याला सांगायचं विसरलं का? नीट समजेल असं लिही, कठीण शब्द नकोत. मीही कारखान्यात जरा भाव खाईन.

बटणाला नावं ठेवायची नाहीत. कोट बंद होतो ना? झालं तर.

मामी तुला लोकरीचे मोजे विणतेय. एक झालाय. दुसरा त्याच मापाचा होईल याची खात्री ती देत नाही.

तुझा मामा

९ डिसेंबर

प्रिय मामा,

कान दोन, डोळे दोन, बोटं वीस. आईला वाचून दाखव आणि सही घे.

आता खुर्चीत नीट बस. पाणी लागलं! आणि कसलं पाणी! आम्ही नळी सोडली, वर ओढली, दोन बाटल्या भरल्या. तळाशी उणे पाच अंश, आणि तरी पाणी पातळ, हातावर घेतलं तर खळखळ वाहतंय. लंबूने आनंदाच्या भरात उडी मारली आणि भोकावरच्या तंबूच्या दांडीला डोकं आपटलं. मीठ मी स्वतः मोजलं, मामा. आपल्या समुद्रात शंभर भागांत साडेतीन भाग मीठ असतं. या पाण्यात चौदा! या सगळ्या भागात एवढं खारट पाणी आजवर कोणाला सापडलेलं नाही. बाई चक्क दोन वाक्यं बोलल्या. "मोजणं कोणी केलं?" आणि "बरं." त्याच दिवशी त्यांनी जगभरच्या त्यांच्या लोकांना कळवून टाकलं. आता पुढचा हंगाम माझाच, असं लंबूसुद्धा तोंड पाडून म्हणतोय.

तुला समजेल असं सांगते, लक्ष देऊन वाच. फार फार पूर्वी इथे समुद्राचा एक फाटा होता. मग वरून बर्फ सरकत आला आणि समुद्राचं थोडं पाणी खालच्या खळग्यात कोंडलं गेलं. वरच्या थंडीने ते हळूहळू गोठायला लागलं. पण गंमत अशी की पाणी बर्फ होताना मीठ सोबत घेत नाही. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, त्यांच्यात मिठाला जागाच मिळत नाही. मग ते मीठ बाहेर ढकललं जातं, उरलेल्या पाण्यात. म्हणजे जितका बर्फ जास्त झाला, तितकं उरलेलं पाणी खारट. आणि खारट पाणी गोठायला आणखी थंडी लागते, म्हणून ते आणखी काही काळ तग धरतं. हजारो वर्षं असं चालल्यावर तळाशी जे उरतं ते हे. वरून बर्फाचं ओझं, चहूकडे थंडी, आणि मधे हे मूठभर पाणी अजून जिवंत.

समजलं का? नसेल तर पुन्हा विचार, मी शांतपणे सांगेन.

तुझी (आता अधिकारी) टकळी

२३ डिसेंबर

अधिकारीबाई,

आधी अभिनंदन. ताईने शेजारच्या तिन्ही घरांत सांगितलं. "माझ्या मुलीला खारट पाणी सापडलं" हे ऐकून एका शेजारणीने विचारलं, "मग आता गोडं कधी सापडणार?" ताई तिच्याशी बोलत नाही सध्या.

तू फार छान समजावलंस. वाचून मी कंप्रेसरवाल्याला म्हटलं, बघ, आपण रोज दुपारी जे करतो ते पोरीने चारशे मीटर खणून शोधलं. अगं शहाणे, लहानपणी माझ्या टाकीच्या काठावर पाय हलवत बसायचीस, तेव्हा काय बघत होतीस? लोखंडी डब्यांत साधं पाणी भरायचं, ते डबे गारेगार मिठाच्या पाण्यात सोडायचे. डब्याच्या भिंतीपासून आत बर्फ धरत जातो. पाण्यातला सगळा खार, चुना, गाळ मधे मधे ढकलला जातो. शेवटी लादीच्या पोटात तांब्याभर पाणी उरतं, तेही इतकं खारट की तोंडात घेतलंस तर थुंकशील. ते आम्ही पंपाने ओढून टाकतो आणि तिथे ताजं पाणी ओततो. म्हणून लादी काचेसारखी निघते. ओढलं नाही तर मधे पांढरा गाभा. तुझा हजारो वर्षांचा समुद्र माझ्याकडे एका दिवसात तयार होतो.

आता दाताखाली एक खडा आलाय, तो बोलून टाकतो. माझ्या टाकीजवळच्या भिंतीवर तीस वर्षांपूर्वी माझ्या वस्तादाने खडूने लिहिलेले आकडे आहेत. पुसट झाले की मी पुन्हा गिरवतो. उणे पाचला आठ. उणे दहाला चौदा. म्हणजे टाकीतलं पाणी उणे पाचपर्यंत गोठू नये असं वाटत असेल तर आठ भाग मीठ पुरे, उणे दहापर्यंत नको असेल तर चौदा. तुझं पाणी उणे पाचात बसलंय, असं तूच लिहिलंस. मग त्याने उणे दहाचं मीठ कशाला घेतलं? बर्फाला लागून असलेलं पाणी गरजेपुरतंच खारट राहतं. चौदा असतं तर त्याने डोक्यावरचा बर्फ खायला घेतला असता, खाऊन खाऊन पातळ झालं असतं आणि आठावर येऊन गप्प बसलं असतं. माझ्या टाकीत मी हे डोळ्यांनी बघतो.

माझंच चुकत असेल. तुमचं पाणी शिकलेलं आहे, माझं अडाणी. पण एक विचारतो. बाटल्या भोकापासून तुमच्या खोलीपर्यंत कशा आणल्या? वाटेत थंडी किती होती? आणि मोजायला पाणी कुठून ओतलंस, वरून की पोटातून?

मोजे पाठवलेत. डावा-उजवा नाही, मोठा-धाकटा समज.

मामा

११ जानेवारी

मामा,

तुझं पत्र वाचून आधी मी इतकी चिडले की शेगडीजवळ उभी राहून लंबूला मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. "बघ, आमचा मामा भिंतीवरच्या खडूने विज्ञान करतो," असं म्हणायचं होतं. पहिला परिच्छेद वाचला, तो पोट धरून हसला. मग तुझ्या आकड्यांपर्यंत आले आणि ते दोनदा मनातल्या मनात वाचले. कागद घडी करून खिशात घातला. "पुढे?" लंबू म्हणाला. म्हटलं, पुढे घरचं आहे.

भोकापासून खोल्यांपर्यंत घसरगाडीने आठ तास लागतात. बाटल्या मी मागच्या पेटीत ठेवल्या होत्या, उघड्यावर. गरम कपडे गुंडाळायचे असतात त्यांना. पण बाईंचं सामान झाकण्यात कपडे संपले आणि मी म्हटलं, खारट पाण्याला काय होतंय. पेटीत उणे दहा होते, मामा. नेमके दहा. पोचल्यावर बाटली उघडली तर अर्धा कीस, अर्धं पाणी. यंत्रात बर्फाचा कण गेलेला चालत नाही, म्हणून मी कीस मागे धरून पातळ पाणी तेवढं ओतलं आणि मोजलं. चौदा.

तुझ्या लादीच्या पोटातलं पाणी मोजलं मी. सगळं शिक्षण केलं, तुला शहाणपणाने चार ओळींत समजावलं, आणि तेच माझ्या हातातल्या बाटलीत होत होतं ते मला दिसलं नाही. हसशील तर हस.

दुसरी बाटली तशीच ठेवलेली होती. काल सगळे बाहेर असताना ती आत आणली, पूर्ण वितळू दिली, हलवली, मोजली. आठ पूर्णांक दोन. समुद्राच्या दुपटीहून जास्त, म्हणजे वाईट नाही. पण असं पाणी याआधी तीन ठिकाणी सापडलेलं आहे. त्याने कोणाची मान ताठ होणार नाही.

कोणालाही माहीत नाही. पहिल्या बाटलीतलं पाणी संपलंय आणि भोक कधीच बुजलं. आज बाईंना जगभरातून अभिनंदनाची उत्तरं येतायत. त्या एकटीच वाचत बसतात आणि मधेच 'हं' म्हणतात. सांगितलं तर मला पहिल्या विमानाने घरी धाडतील, आणि त्यांचं तोंड कसं होईल ते मला बघवणार नाही. गप्प बसले तर पुढचा हंगाम माझा. तू असतास तर काय केलं असतंस? मस्करी करू नकोस, खरं सांग.

टकळी

२७ जानेवारी

टकळे,

मस्करी करत नाही. हसलोही नाही. मामीला विचार.

मी काय केलं असतं ते विचारतेस. मी गप्प बसलो असतो, गं. बसलोच आहे, पंधरा वर्षं. आता सांगतो.

तू आठवीत होतीस. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुला स्वतः केलेला बर्फ ठेवायचा होता. माझी मदत नको म्हणालीस, आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ताईच्या मोठ्या चौकोनी डब्यात तू ठोकळा गोठवलास. तो शाळेपर्यंत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण भुसा भरलेली पेटी माझी. मी रस्त्यात पेटी उघडून बघितली. ठोकळा मधोमध पांढरा, चुन्याच्या गोळ्यासारखा. मला वाटलं, बर्फवाल्याची भाची आणि हा असला बर्फ! लोक तुला हसतील. खरं म्हणजे मला हसतील, हेही वाटलंच. मी वाट वाकडी करून कारखान्यात गेलो, एका स्वच्छ लादीतून त्याच मापाचा तुकडा कापला आणि पेटीत ठेवला. तुझा ठोकळा मागच्या मोरीत टाकून दिला.

तुला पहिलं बक्षीस मिळालं. कंपासपेटी घेऊन नाचत घरी आलीस आणि म्हणालीस, मोठेपणी मी बर्फाचंच काहीतरी करणार. मी तोंडाला कुलूप लावलं. उद्या सांगू, परवा सांगू. मग तू कॉलेजात गेलीस, मग तिकडे गेलीस. तुझी सगळी वाट माझ्या त्या खोट्या तुकड्यावरून निघाली आहे, हे आठवलं की लाज वाटते मला.

म्हणून सांगतो, तू माझ्यासारखी गप्प बसू नकोस. पहिल्या दिवशी सांगितलं की एकदाच लाज वाटते. ठेवलं की रोज थोडी वाटत राहते. बाईंनी घरी धाडलं तर ये. टाकीच्या काठावर तुझी जागा आहे, कोणाला बसू देत नाही मी.

आता तू रागावशील. रागाव. पण पत्र लिही.

मामा

१२ फेब्रुवारी

माझ्या गुन्हेगार मामा,

तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी मी बाईंना सांगून मोकळी झाले होते. तुला पत्र टाकलं, विमान उडालेलं बघितलं, आणि तशीच आत जाऊन सगळं बोलले. पेटी, उणे दहा, कीस, दुसरी बाटली, सगळं. तू उगाचच उघडा पडलास!

बाईंनी दोन दिवस दुसऱ्या बाटलीतलं पाणी स्वतः पुन्हा पुन्हा मोजलं. त्या दोन दिवसांत मी सामान बांधायला घेतलं, लंबूने मला स्वतःहून दोनदा चहा आणून दिला. तिसऱ्या दिवशी बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "ज्यांना ज्यांना चौदा कळवलंय त्या सगळ्यांना आठ कळव. चूक कशी झाली तेही लिही. तुझ्या हाताने." सत्तावीस पत्रं लिहिली मी, मामा. सत्तावीस वेळा लाज वाटली. खाली त्यांनी सही केली, आपलं नाव माझ्या नावाच्या आधी. मला रडू आलं ते तेव्हा.

मग म्हणाल्या, "भोक पाडायला पुढच्या हंगामात लंबू. बाटल्यांवर तू. बाटली गोठू न देणारी माणसं पुष्कळ मिळतील, पुन्हा कधीच गोठू न देणारी तू एकच." म्हणजे एकाऐवजी दोघं, मीही राहतेय! बाटल्यांची राखणदार म्हणून, पण राहतेय. मामीचे मोजे मी बाटल्यांना घालते. मोठा मोठ्या बाटलीला, धाकटा छोट्या. अगदी मापाचे आहेत, सांग तिला.

आणि हो, भिंतीवरचे खडूचे आकडे कोणाचे, असं बाईंनी विचारलं. सांगितलं. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले.

आता तुझ्या गुन्ह्याबद्दल. मला माहीत होतं.

पेटी उघडली त्याच क्षणी कळलं होतं. अरे, माझ्या रेनकोटचं एक बटण तुटलं होतं. ते मी दोऱ्याला बांधून ठोकळ्याच्या बरोब्बर मधे सोडलं होतं, काचेसारख्या बर्फात लटकलेलं दिसावं म्हणून. बर्फ मधे पांढरा झाला त्यात ते झाकलं गेलं, म्हणून तुला दिसलं नाही. आणि तुझ्या तुकड्यात बटण नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी बघितलं. तेवढ्यात परीक्षक आले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी गप्प बसले. कंपासपेटी घेतली. पंधरा वर्षं मीही सांगितलं नाही, लाज मलाही रोज थोडी वाटत आलीय. म्हणून या वेळी दोन दिवससुद्धा गप्प बसवेना.

आणि माझी वाट तुझ्या तुकड्यावरून निघाली नाही रे. तुझा स्वच्छ तुकडा बघून मला एवढंच वाटलं होतं, मग माझा पांढरा का झाला? तो प्रश्न डोक्यातून गेलाच नाही. मी इथवर आले ती माझ्या त्या बिघडलेल्या ठोकळ्यामुळे, तू मोरीत टाकलास त्याच्यामुळे.

बटण मात्र हिरवं होतं. पुढच्याच आठवड्यात ते तुझ्या कोटावर दिसलं, दुसऱ्या नंबरला. मामीला पाचवं काळं शोधायला सांग, असं मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी तुझा हात नकळत तिथे जातो. तुला काय वाटलं, मला दिसत नाही?

तुझी टकळी

२८ फेब्रुवारी

टकळे,

पत्र कारखान्यात वाचलं. कंप्रेसरवाल्याने विचारलं, डोळ्यांत काय गेलं? म्हटलं, तुझ्या यंत्रातला अमोनिया.

मोरीत बर्फ वितळला आणि जाळीवर ते हिरवं बटण अडकलं, तेव्हाच मला कळलं होतं की काय करून बसलो. टाकून देववेना. तुला परत द्यायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. मग मामीकडून कोटाला लावून घेतलं. रोज सकाळी ते घालताना एकदा तुझी आठवण यायची आणि एकदा माझ्या उद्योगांची.

आज मामीने ते कापून दिलं. या पाकिटात आहे, हलवलंस तर वाजेल. आता दुसऱ्या नंबरला काळं आलंय. कारखान्यात कोणी हसत नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं वाटतं.

तुझ्या त्या कोटाला साखळी आहे म्हणालीस, अर्ध्यात अडकणारी. जिथे अडकते तिथे हे लावून घे. छाती उघडी टाकून बाटल्या राखू नकोस. बर्फ मी करतो, तू बघ, पण गारठू नकोस.

ताई विचारते, कान?

मामा